तक्रारमंत्र्यांच्या बाई

उद्योगबाईंनी उभ्या जन्मात एकही वस्तू विकली नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मागे एकदा घरातलं जुनं कपाट विकायला काढलं, तर बघायला आलेल्या माणसाला त्यांनी कपाटाचे इतके दोष प्रामाणिकपणे दाखवले, की तो बिचारा कपाट न घेता, उलट त्यांचंच सांत्वन करून निघून गेला. आणि या बाई शाळेत नववीला उद्योजकता शिकवत होत्या. एक-दोन नाही, पंधरा वर्षं!

मुळात त्या शिवणाच्या बाई. शाळेने शिवणाचा तास बंद केला, मशिनी टेम्पोत घालून नेल्या आणि बाई रिकाम्या वर्गात टाचण्या वेचत बसल्या. त्याच सुमाराला वरच्या ऑफिसातून हा नवा विषय आला. कुणी घ्यायला तयार होईना. गणिताच्या सरांना वेळ नव्हता, भूगोलाच्या बाईंना त्यातलं काही कळत नव्हतं. शिवणाच्या बाईंना वेळच वेळ होता, आणि कळण्याचं म्हणाल तर हा विषय नेमका काय आहे हेच कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळे तिथे सगळे सारखेच. त्यांनी तो घेतला. "नसते उद्योग करायची हौसच आहे तुला," असं म्हणत नवऱ्याने घरात नाव पाडलं, उद्योगबाई. ते शाळेत कसं पोचलं देव जाणे, पण पोचलं आणि चिकटलं.

पुस्तक उघडलं की बाईंनाच झोप यायची, मुलांची काय कथा. म्हणून त्यांनी आपली पद्धत काढली. वर्ष सुरू झालं की वर्गाने एक कंपनी काढायची, काहीतरी बनवायचं आणि शाळेतच खपवायचं. एका वर्षी उरलेल्या कोऱ्या पानांच्या वह्या झाल्या, एका वर्षी कापडी पिशव्या, एका वर्षी साबण. पिशवीचे बंद तुटून खेळाच्या सरांचे चेंडू जिन्यावरून थेट मुख्याध्यापिकांच्या दारात गेले. साबणाला फेस सोडून बाकी सगळं होतं. पण बाई खूश असायच्या. वर्गात अध्यक्ष असायचा, खरेदीवाले, विक्रीवाले असायचे, आणि सगळ्यांत शेवटी एक तक्रारमंत्री.

तक्रारमंत्र्याने मधल्या सुट्टीत जिन्याखालच्या टेबलावर वही घेऊन बसायचं आणि गिऱ्हाइकांची बोलणी खायची. फळ्यावर बाईंनी मोठ्या अक्षरांत नियम लिहिलेला असायचा: 'माणूस चिडला, तर आधी का ते विचारा. मग बोला.' नियम चांगलाच होता. पण ते पद कुणाला हवं असणार? जो तो अध्यक्ष व्हायला टपलेला. मग बाईंनी त्यावर तोडगा काढला. पहिल्या आठवड्यात जो सगळ्यांत जास्त वेळा उशिरा येईल, तो तक्रारमंत्री. उशिरा येणाऱ्यांचा बाईंना भयंकर राग. शिक्षाही झाली आणि पदही भरलं, म्हणून बाई स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश होत्या.

अशी पंधरा वर्षं गेली. निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना एका सोमवारी मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं आणि एक फॉर्म पुढे सरकवला.

"वरच्या ऑफिसला बघायचंय, या विषयाचा उपयोग काय झाला ते," त्या म्हणाल्या. "तुमच्या माजी विद्यार्थ्यांनी स्वतःचे काढलेले पाच व्यवसाय दाखवा. मालकाची सही हवी. शुक्रवारपर्यंत."

"आणि नाही दाखवले तर?"

"तर विषय बंद. त्या तासाला संभाषण कौशल्य सुरू करणार आहेत. तुम्हाला वाचनालयात बसवतील, मुलांवर लक्ष ठेवायला."

बाईंनी फॉर्म पर्समध्ये घातला. एकदा विषय हातातून गेला होता, तेव्हा त्या तरुण होत्या, सावरल्या. आता पुन्हा तेच? घरी येऊन त्यांनी पर्स सोफ्यावर टाकली आणि चक्क रडायला लागल्या. नवरा निवृत्त बसड्रायव्हर, स्वभावाने शांत. त्याने त्यांना रडू दिलं, चहा ठेवला आणि म्हणाला, "पंधरा वर्षांत पाच माणसं मिळणार नाहीत? अगं, माझ्या बसमध्ये एका फेरीला पाच मालक असायचे. चल, स्कूटर काढतो."

साहजिकच बाईंनी सुरुवात अध्यक्षांपासून केली. त्यांचे पत्ते पाठ होते, त्यांचे फोटो अजून कपाटात होते. पहिला अध्यक्ष विमा कंपनीत, मजेत. दुसरी बँकेत, तीही मजेत. तिसऱ्याने फोनवरच सांगितलं, "बाई, धंद्याचं नाव काढू नका, सुखाने नोकरी करतोय." सगळ्यांना बाईंची खूप आठवण येत होती, सगळ्यांनी घरी बोलावलं, पण सहीपुरता एकही मालक त्यांच्यात नव्हता. मंगळवार संपला तेव्हा फॉर्म कोराच होता.

बुधवारी त्या साबणाच्या वर्षाच्या अध्यक्षाकडे गेल्या. काय भाषण केलं होतं त्याने त्या वेळी! बाईंनी पदराने डोळे पुसले होते. आता तो एका मोठ्या फरशांच्या शोरूममध्ये विक्रीला होता. त्याने बाईंना ओळखायच्या आधी दहा मिनिटं बाथरूमच्या टाइल्स दाखवल्या, आणि नवरा तर एक निळी टाइल हातात घेऊन विचारातही पडला होता.

"व्यवसाय नाही हो बाई माझा," सगळं ऐकून अध्यक्ष म्हणाला. मग आवाज खाली आणला. "पण लिहा ना, 'सल्ला केंद्र'. लोकांना सल्ले तर मी दिवसभर देतोच. सही करतो, शिक्का बनवून घेऊ. आणखी चौघं मी मिळवून देतो. कोण येतंय तपासायला?"

बाईंचा हात पर्सकडे गेला. खोटं कशाला सांगा, गेला. फॉर्म अर्धा बाहेरही आला. मग त्यांनी तो परत आत ढकलला आणि घाईघाईने निघाल्या, त्या नादात डोक्यावर सरकवलेला चष्मा खाली पडला आणि त्यावर नवऱ्याचाच पाय पडला.

"अहो, डोळे कुठे होते तुमचे?"

"टाइलवर," नवरा खरं तेच बोलला.

चार दुकानं सोडून एका इमारतीच्या जिन्याजवळ चष्मे दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक टेबल, एक दिवा आणि स्क्रूंच्या शंभर डब्या. आतल्या माणसाने मोडलेली काडी हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि विचारलं, "हा चष्मा दिवसातून किती वेळा डोक्यावर सरकवता?"

"त्याचा काय संबंध? पाय पडलाय त्यावर!"

"पाय आज पडला. बिजागरी वर्षभर ढिली आहे. कशी झाली ते कळलं नाही, तर पुढच्या महिन्यात परत याल." मग तो हसला. "वह्यांच्या वर्षाचा तक्रारमंत्री, बाई. तुम्ही ओळखलं नाहीत."

खरंच ओळखलं नव्हतं. अध्यक्ष सगळे आठवत होते, तक्रारमंत्र्यांचा एक चेहरा आठवेल तर शपथ. बाईंनी ओशाळून विचारलं, "हे दुकान… तुझं?"

"माझंच. का हो?"

नवऱ्याने तिथल्या तिथे पर्समधून फॉर्म काढला. बाईंना तेवढंही सुचलं नव्हतं.

चष्मेवाल्याने सही करता करता फोन पुढे केला. या लोकांचा ग्रुप होता! दर वर्षी जुना तक्रारमंत्री नव्याच्या हाती वही द्यायचा, शिव्या कशा खायच्या ते समजावायचा, तशी ओळख होत गेली होती. ग्रुपचं नाव 'जिन्याखाली'. त्यात चौदा जण होते. सगळेच काही मालक नव्हते. एक जण इस्पितळाच्या चौकशी खिडकीवर होता, एक जणी विमानतळावर हरवलेल्या बॅगा शोधून द्यायची, एकाला पोस्टात सगळ्यात तापट गिऱ्हाईक मुद्दाम पाठवून देत. पण चार जणांनी स्वतःचं काढलं होतं आणि शिवाय पाचवी एक होती.

गुरुवारी दुपारपर्यंत चार सह्या झाल्या. एक जण धुलाईची मशिनं दुरुस्त करत होता. एक जणी आजारी माणसांना घरी सोबतीला बायका पाठवायची. तिसरी, दुसऱ्या शिंप्यांनी बिघडवलेले कपडे सुधारून द्यायची. तिच्याकडे बाईंनी एका कोटाची शिलाई उलटून बघितली, नखाने टाका दाबला आणि म्हणाल्या, "छान आहे गं." तिथून त्यांना उठवेना. नवरा बाहेर हॉर्न वाजवत होता.

पण स्कूटरवर बसल्यावर बाई नवऱ्याच्या पाठीला म्हणाल्या, "ज्यांचं कौतुक केलं त्यांच्यातलं एकही नाही. ज्यांना शिक्षा केली तेच सगळे."

"मग शिक्षा चांगली होती म्हणायची."

"गप्प बसा हो. मला बरं वाटत नाहीये."

पाचवी होती लिफ्टवाली. सगळ्यांत पहिली तक्रारमंत्री, साबणाच्याही आधीच्या पेनस्टँडच्या वर्षाची, आणि कामही सगळ्यांत मोठं तिचंच. दहा माणसं हाताखाली, शहरभरच्या लिफ्टची देखभाल. फक्त चष्मेवाल्याने सांगितलं होतं, "ग्रुपवर शाळेचा विषय निघाला की ती बोलत नाही, बाई."

शुक्रवारी सकाळी बाई तिच्या कार्यशाळेत गेल्या. तिथे जमिनीवर उघडी मोटर, भिंतीला लोखंडी दोरांची भेंडोळी आणि सगळीकडे ग्रीसचा वास. लिफ्टवालीने हात पुसून खुर्ची दिली, फॉर्म नीट वाचला आणि टेबलावर ठेवला. पेन उचललं नाही.

"चार झाल्यात तुमच्या," ती म्हणाली. "माझ्यावर अडलंय."

"हो. आजच द्यायचाय."

"मला वर्षभर मधली सुट्टी मिळाली नाही, बाई. मुलं डबे खायची आणि मी जिन्याखाली बसून ऐकायचे, पेनस्टँड पडतो, रंग हाताला लागतो, तू चोर आहेस. घरी जाऊन रडायचे. तेही ठीक आहे. पण तुम्ही रोज शिकवायचात, आधी का ते विचारा. सगळ्यांना विचारायला लावलंत. मला उशीर का होतो, ते तुम्ही एकदा तरी विचारलंत?"

"का व्हायचा गं?" बाई कसंबसं म्हणाल्या.

नेमका तेव्हा फोन वाजला. पलीकडच्या रस्त्यावर एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली होती. लिफ्टवालीने दोघांना हत्यारं घेऊन वरच्या मोटरच्या खोलीकडे पिटाळलं आणि बाईंना म्हणाली, "यायचं असेल तर चला. मी पाच मिनिटं खाली विजेच्या मीटरपाशी असेन. आत एक गृहस्थ आहेत, तोवर त्यांच्याशी बोला."

"मी? मी काय बोलू?"

"तुम्हीच तर शिकवता ना!"

तिसऱ्या मजल्याच्या बंद दारासमोर उद्योगबाई उभ्या राहिल्या. पंधरा वर्षं तक्रार कशी ऐकावी हे शिकवलं, पण अख्ख्या नोकरीत एक तक्रार स्वतः ऐकली नव्हती. दारामागून गृहस्थ ओरडत होते.

"हे बघा," बाईंनी वर्गातला आवाज लावला, "यंत्र म्हटलं की थोडंफार…"

"यंत्राच्या आयचा घो! उघडा आधी!"

"घाबरण्याचं काही कारण नाही. माणसं कामाला लागलीत, आपण संयम…"

आत दारावर दाणदाण बुक्के सुरू झाले. बाईंनी आणखी दोन वाक्यांत समजावलं आणि बुक्के दुप्पट झाले. जिन्यावरून वर येणाऱ्या लिफ्टवालीने हे ऐकलं आणि हळूच त्यांच्या कानाशी म्हणाली, "बाई, समजावू नका. विचारा."

बाई लाजेने लाल झाल्या. त्यांनी दाराला कान लावला आणि साध्या आवाजात विचारलं, "कुठे निघाला होतात हो?"

आतले बुक्के थांबले. मग उत्तर आलं. गृहस्थांची मुलगी बाराच्या गाडीने परगावी शिकायला निघाली होती, बाकीचे सगळे पुढे गेले होते, आणि हे छत्री विसरली म्हणून परत वर आले होते. "फोन इथे लागत नाही. ती म्हणेल बाबा आलेच नाहीत." आवाज रडवेला झाला होता. बाईंनी नंबर विचारला, स्वतःच्या फोनवरून मुलीला लावला आणि फोन दाराच्या फटीशी धरून उभ्या राहिल्या. बापलेक बोलत होते, तोवर वरून मोटर हलली. दार उघडलं तशी गृहस्थांनी बाईंचे दोन्ही हात धरले आणि छत्री तिथेच टाकून जिन्यावरून धूम ठोकली.

बाई जिन्याच्या पायरीवर मटकन बसल्या. लिफ्टवालीही बसली.

"सातव्या मजल्यावर राहायचो आम्ही," ती म्हणाली. "आजोबांना चालता यायचं नाही. सकाळी त्यांना दवाखान्यात सोडायचं काम माझं होतं आणि लिफ्ट दर दोन दिवसांनी अडकायची. दुरुस्तीवाला यायचा, मी त्याला पाना धरून द्यायचे, लवकर व्हावं म्हणून. तिथेच शिकले. एवढंच होतं, बाई. एका मिनिटात सांगून झालं असतं."

"माझं चुकलं गं," बाई म्हणाल्या आणि त्यांना रडू आवरेना. "फार चुकलं माझं."

लिफ्टवालीने त्यांना थोडा वेळ रडू दिलं. मग म्हणाली, "लिफ्ट दुरुस्त करायला मी तिथे शिकले. पण आत अडकलेल्या माणसाशी बोलायचं कसं, हे जिन्याखाली शिकले. दुसऱ्या कंपन्यांकडे मोटर जाणणारे माझ्यापेक्षा चांगले आहेत. लोक मला बोलावतात ते यासाठी. म्हणून सही करते. मात्र शेवटच्या रकान्यात खरं लिहायचं. शिक्षा होती असं."

शेवटचा रकाना होता 'या यशात विषयाचा वाटा'. बाईंनी तिथेच पायरीवर बसून लिहिलं: 'उशिरा आल्याची शिक्षा म्हणून या पाचही मुलांना तक्रारी ऐकायला बसवलं होतं.' खाली लिफ्टवालीने सही केली.

मुख्याध्यापिकांनी ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अहो बाई, सह्या पाच आहेत, विषय वाचलाय! ही ओळ कशाला? खोडा ती."

"ती ओळ खोडली तर पाचवी सहीही खोडावी लागेल," बाई म्हणाल्या. "मग चारच उरतात."

"यावरून विषयही जाईल आणि तुमच्यावरही येईल."

"येऊ दे."

पंधरा दिवसांनी वरच्या ऑफिसचं उत्तर आलं. विषय आणखी दोन वर्षं चालू ठेवायला हरकत नव्हती. त्याच पाकिटात दुसरा कागद होता. संबंधित शिक्षिकेने मुलांना शिक्षा म्हणून सुट्टीत बसवलं, याचा लेखी खुलासा करावा.

बाईंनी खुलासा लिहायला घेतला. विषय नवा होता, पद भरायचं होतं, वर्गात शिस्त नव्हती, असं करत करत तीन पानं झाली. चष्मा नीट करून त्यांनी ती नवऱ्याला वाचून दाखवली. नवऱ्याने सगळं शांतपणे ऐकलं.

"चांगलं लिहिलंयस," तो म्हणाला. "पण हे तू परत लिफ्टच्या दारासमोर उभी राहून बोलते आहेस."

बाईंनी रागाने त्याच्याकडे बघितलं. मग तिन्ही पानं फाडली, कोरा कागद घेतला आणि लिहिलं: 'चूक माझी आहे. मुलीला उशीर का होतो, हे मी तिला वर्षभरात एकदाही विचारलं नाही.' खाली नाव, सही, तारीख. त्याच्या दोन प्रती केल्या, एक वरच्या ऑफिसला आणि एक लिफ्टवालीला, आणि पोस्टात जाऊन तिची आधी टाकली.